लहान राहण्याचा हक्क आणि त्याची किंमत

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत जो मोठा कर-कायदा झाला, त्यातील एका कलमाने श्रीमंत खाजगी विद्यापीठांच्या कायम निधीच्या, म्हणजे मुद्दल राखून गुंतवलेल्या देणग्यांच्या, उत्पन्नावर चढत्या दराने कर बसवला. दर विद्यार्थ्यामागे निधी किती आहे त्यावरून हा दर १.४, ४ किंवा ८ टक्के ठरतो. याच कलमात आणखी एक बदल होता. २०१७ च्या मूळ कायद्यानुसार शुल्क भरणारे किमान ५०० विद्यार्थी असलेली संस्था करपात्र ठरत असे. नव्या कायद्यात ही मर्यादा ३,००० झाली. पॅसाडिनातील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, या संस्थेची एकूण पटसंख्या सुमारे २,४०० आहे आणि तिचा कायम निधी चार अब्ज डॉलरांच्या घरात आहे. दर विद्यार्थ्यामागचा निधी पाहिला तर ती देशातील सर्वांत श्रीमंत संस्थांपैकी एक ठरते. पटसंख्या पाहिली तर ती करातून सुटते. विद्यापीठ किती लहान असावे, हा एरवी शिक्षणतज्ज्ञांच्या बैठकीत चघळला जाणारा प्रश्न त्या दिवसापासून पैशाचा आणि कायद्याचा प्रश्न झाला.

या प्रश्नावर जो वाद चालला आहे तो मला दोन्ही बाजूंनी उथळ वाटतो. एक बाजू 'मूर्ती लहान पण कीर्ती मोठी' एवढ्यावरच थांबते. ती नोबेल पारितोषिके मोजते, जागतिक क्रमवारीतील स्थान सांगते आणि लहान, खाजगी, स्वायत्त संस्थाच उत्तम संशोधन करतात, असा निष्कर्ष काढून मोकळी होते. दुसरी बाजू म्हणते की हा मूठभरांचा मठ आहे. तो सरकारच्या पैशावर चालतो, वर्षाला जेमतेम सव्वादोनशे नव्या पदवी-विद्यार्थ्यांना दार उघडतो आणि वर स्वतःला खाजगी म्हणवतो. माझे मत असे की कॅलटेकसारख्या संस्थेला लहान राहण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तिला सार्वजनिक पैसा मिळतो तेही योग्यच आहे. मात्र या हक्काचा आधार तिचे खाजगीपण नव्हे, तिची पारितोषिकेही नव्हेत. तिने जाणूनबुजून काय सोडले, आणि ते सोडता यावे म्हणून इतर कोणी कोणता भार उचलला, यावर तो हक्क उभा आहे. या दोन गोष्टी वादात कोणीच आणत नाही.

आधी तिने काय सोडले ते पाहू. ही संस्था १८९१ मध्ये निघाली ती संशोधनासाठी नव्हे. शिकागोहून आलेले व्यापारी आणि राजकारणी एमॉस थ्रूप यांनी पॅसाडिनात एक शाळा काढली आणि तिला थ्रूप विद्यापीठ असे नाव दिले. पुढची पंधरा-सोळा वर्षे तिथे प्राथमिक शाळा होती, माध्यमिक शाळा होती, हस्तकला होती, शिक्षक-प्रशिक्षण होते. वाढत्या गावाला जे जे हवे ते सारे एका छपराखाली देणारी ती एक उपयुक्त संस्था होती. १९०७ मध्ये तिच्या विश्वस्त मंडळावर जॉर्ज एलरी हेल आले. हेल खगोलशास्त्रज्ञ होते. जवळच्या माउंट विल्सनवर त्यांनी १९०४ मध्ये वेधशाळा उभारली होती. त्यांनी विश्वस्तांना पटवलेली गोष्ट कोणत्याही विश्वस्त मंडळाला पटायला अवघड असते, ती म्हणजे चालू असलेले बरेचसे बंद करा. शाळा वेगळ्या झाल्या, व्यवसाय-शिक्षण गेले आणि त्यांच्याबरोबर बहुतेक विद्यार्थीही गेले. ज्या संस्थेची प्रतिष्ठा पटावर मोजली जाते तिने स्वतःच्या हाताने आपला पट कापणे याला नुसते धाडस म्हणून भागणार नाही, कारण त्या क्षणी त्याच्या बदल्यात हाती काहीही आलेले नव्हते. रसायनशास्त्रज्ञ आर्थर नॉईज पूर्ण वेळ आले १९१९ मध्ये, संस्थेला आजचे नाव मिळाले १९२० मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन आले १९२१ मध्ये. कापणे आणि पेरणे यांच्यात एका तपाचे अंतर होते.

त्या मधल्या काळातील एक प्रसंग आजच्या वादात कुणीतरी मांडायला हवा होता. १९११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात एक विधेयक आले. राज्याच्या पैशाने 'कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' स्थापन करावी, तिला सुरुवातीला दहा लाख डॉलर द्यावेत, असा त्याचा आशय होता. ही रक्कम थ्रूपच्या त्या वेळच्या अंदाजपत्रकाच्या दहापट होती. थ्रूपच्या विश्वस्तांनी आपली संपूर्ण संस्था राज्याला देऊन टाकण्याची तयारी दाखवली. विधेयक पडले. ते पाडण्यासाठी जोर लावला तो स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका खाजगी आणि एका सरकारी विद्यापीठाने मिळून. तेव्हा आज ज्या संस्थेचे खाजगीपण हेच तिच्या यशाचे रहस्य म्हणून सांगितले जाते, ती संस्था एके काळी सरकारी व्हायला निघाली होती आणि शेजाऱ्यांनी तिला होऊ दिले नाही. ज्याच्यामुळे ती मोठी झाली असे म्हणतात तो गुण तिने निवडलेलाच नव्हता. तिने निवडले होते ते लहानपण, आणि तेही सरकारी होण्याच्या तयारीच्या आधीच. या दोन गुणांची सांगड घालून एकाचे श्रेय दुसऱ्याला देणे ही या वादातील पहिली चूक आहे.

आता विरोधकांच्या सर्वांत बळकट मुद्द्यांकडे येतो. त्यांतले काही मला मान्यच आहेत.

पहिला मुद्दा पैशाचा. कॅलटेकची सर्वांत मोठी ओळख असलेली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ही अंतराळयानांची प्रयोगशाळा तिची मालमत्ता नाही. १९३६ मध्ये कॅलटेकमधील विमानविद्येचे प्राध्यापक थिओडोर फॉन कारमान यांच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या काही मित्रांनी अरोयो सेको या कोरड्या ओढ्याच्या पात्रात रॉकेटचे प्रयोग केले, त्यातून ती वाढली. युद्धकाळात तिला लष्कराचा पैसा मिळाला आणि १९५८ मध्ये ती नासाकडे गेली. तेव्हापासून कॅलटेक ती नासासाठी चालवते. एक्सप्लोरर-१ या पहिल्या अमेरिकी उपग्रहापासून व्हॉयेजरपर्यंत आणि मंगळावरच्या फिरत्या यानांपर्यंत सारा खर्च करदात्यांचा आहे. लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचेही तेच. तिच्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने एकूण सुमारे १.१ अब्ज डॉलर घातले. मग खाजगी उरले काय?

हा प्रश्न मला रास्त वाटतो, पण त्याचे उत्तर लायगोच्याच इतिहासात आहे. १९७९ च्या सुमारास किप थॉर्न यांनी आपल्या संस्थेला पटवले की या विषयात प्रयोगाचे काम सुरू करावे. थॉर्न स्वतः सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रयोग करणारे तिथे कोणी नव्हते. संस्थेने स्कॉटलंडमधून रोनाल्ड ड्रेव्हर यांना आणले आणि आपल्या आवारात ४० मीटर भुजांचे नमुना-उपकरण उभारण्यासाठी जागा, प्राध्यापकपद आणि सुरुवातीचा पैसा दिला. ज्या लहरी कोणी कधी थेट पकडल्या नव्हत्या, ज्यांची आधीच्या दशकात केलेली एक 'नोंद' इतरांना पुन्हा मिळाली नव्हती आणि त्यामुळे ज्या विषयाची पत घसरली होती, त्या विषयात एक संस्था आपली दोन-तीन अमूल्य पदे घालत होती. मोठ्या विद्यापीठातही हे घडू शकते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रायनर वाईस याच कल्पनेवर काम करत होते आणि त्यांच्याशिवाय लायगो झालीच नसती. परंतु तिथे त्यांना स्वतःच्या संस्थेकडून फारसा आधार मिळाला नाही, हेही तितकेच खरे आहे. सार्वजनिक पैसा आला तो नंतर, पायाभरणी झाल्यावर. बांधकाम १९९४ मध्ये सुरू झाले. २००२ ते २०१० अशी आठ वर्षे पहिली उपकरणे चालली आणि त्यांना एकही लहर सापडली नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी सापडली. २०१७ मध्ये वाईस, थॉर्न आणि बॅरी बॅरिश यांना नोबेल मिळाले. पहिला धोका कोणी पत्करायचा, हा संशोधनाच्या अर्थकारणातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. सरकारी समिती तो पत्करू शकत नाही असे नाही, पण समितीला आधीच्या यशाचा पुरावा लागतो, आणि त्या पुराव्यासाठीच तर पहिला पैसा हवा असतो. हे कोडे सुटते ते अशा ठिकाणी जिथे थोडी माणसे एकमेकांना पुरती ओळखतात आणि निर्णय एका टेबलाभोवती होतो. म्हणून लायगोसारख्या कामात सरकारी पैसा येणे हा मला त्या संस्थेच्या खाजगीपणावरचा डाग वाटत नाही. लहान संस्थेने उचललेले पाऊल समाजाने आपले मानले, असा त्याचा अर्थ मी घेतो. त्याच वेळी, हे काम 'खाजगी उपक्रमशीलतेचे फळ' म्हणून मिरवणेही बंद व्हायला हवे.

दुसरा मुद्दा पारितोषिकांच्या मोजणीचा, आणि इथे मी विरोधकांच्या बाजूने उभा आहे. कॅलटेक २०११-१२ पासून २०१५-१६ पर्यंत सलग पाच वर्षे टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीत पहिली होती, आणि तिच्या समर्थकांचे अर्धे लेखन अजून त्या पाच वर्षांवर चालते. माणशी नोबेल हा तर त्यांचा आवडता भागाकार. पण भाज्य तरी नीट पाहावे. मिलिकन यांना १९२३ मध्ये नोबेल मिळाले ते कॅलटेकमध्ये असताना. तेलाच्या थेंबांचा प्रयोग मात्र शिकागोतला. टॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ मध्ये मिळाले; फळमाश्यांवरचे काम न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठातले. रिचर्ड फाइनमन यांना १९६५ मध्ये ज्या कामासाठी मिळाले त्याचा मोठा भाग कॉर्नेलमध्ये झालेला. आडनाव एका संस्थेच्या पाटीवर लागते, घाम दुसरीकडे गळलेला असतो. अशा बेरजेला पटसंख्येने भागून जो आकडा येतो तो लहान संस्थांना फुगवतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मोजणी टाकून दिल्यावर लहानपणाच्या बाजूने काय उरते? माझ्या मते बरेच उरते, आणि ते अधिक भक्कम आहे. कॅलटेकमध्ये तीनशेच्या आसपास प्राध्यापक आहेत आणि सहा मोठे विभाग आहेत. त्यांच्या पोटात इतर विद्यापीठांसारखी एकेका विषयाची बंदिस्त खाती नाहीत. तिथे वैद्यकीय महाविद्यालय नाही, विधी महाविद्यालय नाही, व्यवस्थापन महाविद्यालय नाही. याचा परिणाम कामावर कसा होतो त्याची उदाहरणे आहेत. मॅक्स डेलब्रुक हे भौतिकशास्त्रज्ञ. ते जीवशास्त्र विभागात बसून जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर काम करत आणि त्या विभागात कोणाला त्याचे नवल वाटत नसे. स्वतः फाइनमन काही काळ त्याच विषाणूंवर प्रयोग करायला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. आणि मला सर्वांत बोलके वाटते ते क्लेअर पॅटरसन यांचे उदाहरण. पॅटरसन रसायनशास्त्रज्ञ होते. १९५२ मध्ये हॅरिसन ब्राऊन शिकागोहून कॅलटेकच्या भूविज्ञान विभागात आले आणि त्यांच्याबरोबर पॅटरसनही आले. शिशाचे अत्यल्प प्रमाण मोजायचे तर हवेतली धूळसुद्धा आत येता कामा नये, म्हणून त्यांनी विलक्षण स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून त्यांनी पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे काढले. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे. पण धुळीशी झगडताना त्यांच्या लक्षात आले की जिथे असू नये तिथेही शिसे आहे, आणि त्याचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये घातल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगातून येतो. १९६५ मध्ये त्यांनी ते छापले. तेलउद्योगाकडून मिळणारा पैसा थांबला, सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा करार पुढे चालू झाला नाही, आणि हवेतील शिशावर १९७१ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय अभ्यासगटात त्यांना घेतले गेले नाही. म्हणजे उद्योग आणि शासन या दोघांनी हात काढून घेतला. त्यांची प्रयोगशाळा मात्र चालू राहिली. ते तिथेच काम करत राहिले, आणि अमेरिकेतील रस्त्यांवरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर १९९६ पासून पूर्ण बंदी आली. पृथ्वीचे वय मोजणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नात नाक खुपसू देणारी, आणि दोन्हीकडचे पाठबळ गेल्यावरही त्याचे टेबल न हलवणारी जागा समाजाला हवी की नको? अशी जागा कोणत्या आकाराच्या संस्थेत मिळण्याची शक्यता अधिक, याचा विचार क्रमवारीच्या तक्त्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

तिसरा आक्षेप माझ्या मताला सर्वांत जड जातो, आणि त्यासाठी कॅलटेकच्या बाहेर पाहावे लागते. लहान खाजगी संशोधन विद्यापीठ ही कल्पना अमेरिकेत एकदा मोडून पडलेली आहे. १८८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे क्लार्क विद्यापीठ सुरू झाले. केवळ पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधन, निवडक प्राध्यापक, निवडक विद्यार्थी अशी त्याची रचना होती. अध्यक्ष मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल. प्राध्यापकांत अल्बर्ट मायकेल्सन आणि फ्रान्झ बोआस यांच्यासारखी माणसे. पैसा एकट्या जोनास क्लार्क या व्यापाऱ्याचा. त्यांना पदवी महाविद्यालय हवे होते, हॉल यांना नको होते. क्लार्क यांनी हात आखडता घेतला, प्राध्यापक अस्वस्थ झाले, आणि १८९२ मध्ये विल्यम रेनी हार्पर रॉकफेलर यांच्या पैशाचे पाठबळ घेऊन नव्या शिकागो विद्यापीठासाठी माणसे शोधत वूस्टरला पोहोचले. अर्ध्याहून अधिक प्राध्यापक क्लार्क सोडून गेले; त्यांतले बरेचसे थेट शिकागोला. पुढे मायकेल्सन यांना विज्ञानातील पहिले अमेरिकी नोबेल मिळाले तेव्हा, १९०७ मध्ये, ते शिकागोत होते. क्लार्क विद्यापीठ टिकले, आजही आहे, चांगले आहे; पण ज्या कल्पनेसाठी ते निघाले होते ती कल्पना तिसऱ्या वर्षीच विझली. मोठ्या विद्यापीठातून दहा प्राध्यापक गेले तर एक खाते खिळखिळे होते. लहान विद्यापीठातून दहा गेले तर विद्यापीठच जाते.

हा आक्षेप मला खोडता येत नाही, फक्त त्याची जागा बदलता येते. क्लार्क पडले ते लहान होते म्हणून, की एकाच दात्याच्या ओंजळीने पाणी पीत होते म्हणून? कॅलटेकच्या घडणीकडे पाहिले तर दुसरे उत्तर अधिक पटते. हेल आणि मिलिकन यांनी पैसा कधीच एका हातातून घेतला नाही. लाकडाचे व्यापारी असलेले विश्वस्त आर्थर फ्लेमिंग, कार्नेगी यांच्या संस्था, १९२६ मध्ये विमानविद्येसाठी गुगेनहाइम निधी, १९२८ मध्ये पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीसाठी रॉकफेलर यांच्या शिक्षण मंडळाचे साठ लाख डॉलर, असे अनेक हात होते आणि त्यांतला कोणताही एक मागे सरला असता तरी संस्था उभी राहिली असती. एकविसाव्या शतकातही गॉर्डन मूर आणि त्यांच्या पत्नी यांच्याकडून २००१ मध्ये साठ कोटी डॉलर आणि रेझ्निक दांपत्याकडून २०१९ मध्ये पंच्याहत्तर कोटी डॉलर आले. या रकमा प्रचंड आहेत, पण त्या आल्या तेव्हा संस्था आधीच आपल्या पायावर होती. क्लार्कचा धडा लहान संस्थांविरुद्ध नसून एका दात्यावर अवलंबून असलेल्या संस्थांविरुद्ध आहे. आणि तो धडा कॅलटेकला आजही लागू पडतो, हे तिच्या समर्थकांनी कबूल केले पाहिजे. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचा जवळजवळ सगळा पैसा एकाच ठिकाणाहून येतो. मंगळावरून दगडमाती आणण्याच्या मोहिमेचे अंदाजपत्रक अनिश्चित झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सुमारे ५३० जणांची नोकरी गेली. तिथे ओंजळ सरकारची आहे, एवढाच काय तो फरक.

चौथा आक्षेप समाजाच्या बाजूने येतो, आणि तो ऐकताना माझी मान खाली जाते. कॅलटेकने पदवी अभ्यासक्रमात मुलींना प्रवेश दिला तो १९७० मध्ये. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे सगळ्यांची एकच चूक अनेक वर्षे कोणाला चूक वाटत नाही. ज्या मिलिकन यांनी पाव शतक संस्था चालवली ते सुप्रजननाचा, म्हणजे 'कमी प्रतीच्या' माणसांची सक्तीने नसबंदी करावी या विचाराचा, प्रचार करणाऱ्या पॅसाडिनातील प्रतिष्ठानाशी विश्वस्त म्हणून जोडलेले होते. त्यांचे नाव ग्रंथालयाच्या इमारतीवरून काढण्याचा निर्णय संस्थेने २०२१ मध्ये घेतला. लायनस पॉलिंग अण्वस्त्रचाचण्यांविरुद्ध उभे राहिले तेव्हा विश्वस्तांच्या नाराजीचा दाब त्यांच्यावर आला, १९५८ मध्ये त्यांनी रसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सोडले आणि शांततेचे नोबेल जाहीर झाल्यावर १९६३ मध्ये ते संस्थाच सोडून गेले. पॅटरसन यांचे टेबल ज्या संस्थेने हलवले नाही, तिनेच पॉलिंग यांना परके केले. चिएन शुएसेन हे फॉन कारमान यांचे शिष्य. १९५० मध्ये साम्यवादी असल्याच्या संशयावरून त्यांची सुरक्षा-परवानगी गेली. अध्यक्ष ली ड्युब्रिज यांनी त्यांच्यासाठी प्रयत्न केले, तरी पाच वर्षांच्या निर्बंधांनंतर १९५५ मध्ये त्यांना चीनला पाठवण्यात आले आणि तिथे त्यांनी चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. लहान संस्था आपल्या माणसाला जपते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ती आपल्यासारख्या माणसाला जपते, आणि कोण आपल्यासारखे हे ठरवणारी माणसे तिथे मोजकी असतात.

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. श्रीमंत विद्यापीठे मूठभरांची आहेत हा आरोप ज्या प्रथेवर सर्वाधिक नेमका बसतो, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देणे, ती प्रथा कॅलटेकमध्ये नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खाजगी विद्यापीठांना ती प्रथा बंद करायला लावली. कॅलटेकला त्यासाठी काही बदलावे लागले नाही. त्याच वर्षी प्रवेश घेतलेल्या पदवीच्या तुकडीत मुली प्रथमच निम्म्याहून अधिक होत्या. चौपन्न वर्षे लागली, हे लाजिरवाणे आहे. पण जिथे एका तुकडीत सव्वादोनशे जण असतात तिथे सरासरीच्या आड लपता येत नाही.

शेवटी मूळ हिशेबाकडे येतो, कारण इतर कोणी कोणता भार उचलला हे अजून सांगायचे राहिले आहे. कॅलटेकला थोड्याच विद्यार्थ्यांना शिकवणे शक्य होते, कारण त्याच राज्यात उरलेल्यांना शिकवणारे कोणीतरी आहे. १९६० च्या कॅलिफोर्निया उच्चशिक्षण आराखड्याने कामाची वाटणी केली. शाळा पूर्ण करणाऱ्यांपैकी वरच्या अष्टमांशात येणाऱ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या तृतीयांशात येणाऱ्यांना राज्य महाविद्यालये, आणि बाकी ज्याला शिकायचे आहे त्या प्रत्येकाला सामुदायिक महाविद्यालय. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा परिसरांत तीन लाखांच्या जवळपास आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठात साडेचार लाखांच्या आसपास विद्यार्थी आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियात इंजिनिअर, शिक्षक, परिचारिका तयार करण्याची जबाबदारी एकट्या कॅलटेकवर असती, तर तिला शाळा पुन्हा उघडाव्या लागल्या असत्या आणि हेल यांनी जे कापले ते सगळे परत उगवले असते. १९११ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट थ्रूपमध्ये भाषण करायला आले तेव्हा ते म्हणाले होते की शंभरांतले नव्व्याण्णव विद्यार्थी उद्योगातली कामे उत्तम करणारे निघावेत आणि शंभरावा हेल यांच्यासारखा घडण्याची शक्यता असलेला असावा. कॅलटेकने तो शंभरावा निवडला. नव्व्याण्णवांचे काय, हा प्रश्न तिने सोडवला नाही. तो सरकारी विद्यापीठांनी सोडवला, आणि अजूनही तीच सोडवत आहेत, अनेकदा तोकड्या पैशात.

म्हणून लहानपणाचा हक्क मागणाऱ्या संस्थेने त्या मोठ्या व्यवस्थेच्या बाजूने उघडपणे बोलले पाहिजे. सरकारी विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लागते तेव्हा तिने गप्प बसणे हे तिच्या स्वतःच्या पायाखालची जमीन जाताना पाहत बसणे आहे. आणि कायदा करणाऱ्यांनीही पटसंख्येची रेघ ओढून प्रश्न सुटल्याचे समाधान मानू नये. एखाद्या संस्थेला कर माफ करायचा तर तिचा निधी कशावर खर्च होतो, तिचे निष्कर्ष आणि मोजमापे सर्वांना खुली आहेत का, तिने कोणता धोका पत्करला जो इतर पत्करत नव्हते, हे विचारता आले असते. ३,००० ही संख्या यांतले काहीच विचारत नाही. २,९०० विद्यार्थी असलेल्या एखाद्या श्रीमंत महाविद्यालयाला आता पुढच्या शंभरांना प्रवेश न देण्यासाठी पैशाचे कारण मिळाले आहे. ते महाविद्यालय लहान राहील, आणि हेल यांनी पट कापला तेव्हाची संस्थाही लहान होती. कायद्याच्या नजरेला या दोघांत काहीही फरक दिसणार नाही.